कवळीतला उरलेला मोनोमर आणि आपला उन्हाळा

चोपड्याला नुकतंच स्वतःचं क्लिनिक सुरू केलेल्या एका डॉक्टरांचा प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये पूर्ण कवळी दिलेले दोन रुग्ण तोंडाची आग होते म्हणून परत आले. तिसऱ्या एकाच्या खालच्या कवळीत, मागच्या जाड भागात, ट्रिमिंग करताना बुडबुडे निघाले. लॅब म्हणते, पावडरचा लॉट खराब आहे. दवाखान्यात कोल्ड क्युअर, म्हणजे न तापवता घट्ट होणारं कवळीचं ॲक्रिलिक प्लास्टिक, कालवून हातात घेईपर्यंत घट्ट होतं. तर कंपनी बदलावी का? आणि एमएमए, बिस-जीएमए, हेमा ही आपल्या मटेरियलमधली मोनोमर, म्हणजे जुळून प्लास्टिक बनणारी सुटी रसायनं, सगळी एकाच घराण्यातली असतील तर एकाची ॲलर्जी म्हणजे सगळ्यांचीच का?

डॉक्टर, कंपनी लगेच बदलू नका. बुडबुडे आणि आग या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच साखळीतून येतात आणि ती साखळी डब्यात नाही, लॅबच्या टेबलावर सुरू होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. लॅबमध्ये गॅस पेटलेला असतो, पंखा बंद असतो, कारण पंख्याने ज्योत हलते. अशा खोलीत पावडर-लिक्विड कालवलं की डो स्टेज, म्हणजे कणकेसारखी मळता येणारी अवस्था, झटकन येते आणि झटकन जाते. फ्लास्क, म्हणजे कवळीचा प्लास्टरचा साचा असलेली धातूची पेटी, भरायला वेळ पुरत नाही म्हणून टेक्निशियन दुसऱ्या वेळी लिक्विड थोडं जास्त ओततो. मिश्रण सैल राहतं, पॅकिंग आरामात होतं. पण त्या जास्तीच्या लिक्विडचं पुढे काय होतं, यावर तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर अवलंबून आहे.

पावडर म्हणजे आधीच पॉलिमर झालेले, म्हणजे साखळीत जुळलेले, पीएमएमएचे (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचे) बारीक मणी, त्यात थोडं बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रंग. लिक्विड म्हणजे मुख्यतः मिथाइल मेथाक्रिलेट (एमएमए, हाच तो मोनोमर), थोडा क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारा घटक) आणि बाटलीतच घट्ट होऊ नये म्हणून किंचित हायड्रोक्विनोन. मण्यांना आता काही व्हायचं नाही. आक्रसणं, तापणं, वास, चुरचुर हे सगळं लिक्विडचं असतं. मोनोमरची घनता साधारण ०.९४ आणि पॉलिमरची १.१९. म्हणजे नुसतं लिक्विड घट्ट केलं तर त्याचं आकारमान जवळपास २१ टक्क्यांनी घटतं. आकारमानाने तीन भाग पावडर आणि एक भाग लिक्विड घेतलं की हे आक्रसणं सुमारे ७ टक्क्यांवर येतं. तीनास एक हे प्रमाण पुस्तकी हट्ट नाही, ते यासाठीच आहे. लिक्विड वाढवलं की आक्रसणं वाढतं, घट्ट होताना निघणारी उष्णता वाढते आणि शेवटी न जुळता उरणारा मोनोमरही वाढतो.

उष्णतेचा भाग नीट समजून घ्या, कारण बुडबुडे तिथून येतात. शंभर ग्रॅम मोनोमर घट्ट होताना सुमारे १३ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. मोनोमर १००.८ अंशांना उकळतो. बेंझॉइल पेरॉक्साइड साठ-पासष्ट अंशांच्या पुढे वेगाने फुटायला लागतं आणि साखळी सुरू होते. फ्लास्क पॅक करून थेट उकळत्या पाण्यात टाकला तर बाहेरून शंभर अंश आणि आतून स्वतःची उष्णता, अशी दुहेरी मार बसतो. पातळ टाळूचा भाग आजूबाजूच्या प्लास्टरला उष्णता देऊन टाकतो. खालच्या कवळीचा मागचा जाड भाग ती देऊ शकत नाही, कारण ॲक्रिलिक आणि प्लास्टर दोन्ही उष्णतेचे मंद वाहक. तिथे आतलं तापमान शंभराच्या वर जातं, न जुळलेला मोनोमर उकळतो आणि त्याची वाफ घट्ट होत चाललेल्या गोळ्यात अडकते. तुमच्या रुग्णाचे बुडबुडे जाड भागात, आतल्या बाजूला आणि गोल आहेत. म्हणजे पावडरच्या लॉटवर आळ घ्यायचं कारण नाही, पाणी फार लवकर उकळलं गेलं.

बुडबुड्यांचे दुसरे प्रकारही ओळखून ठेवा, लॅबशी बोलताना उपयोग होतो. सगळीकडे विखुरलेले, वेडेवाकडे पोकळ भाग असतील तर फ्लास्कमध्ये माल कमी भरला होता किंवा दाब सुटला होता. पृष्ठभाग पांढुरका, रवाळ दिसत असेल तर मिश्रण कोरडं राहिलं. उन्हाळ्यात हा रवाळपणा जास्त दिसतो, कारण कालवलेलं भांडं उघडं ठेवलं की वरच्या थरातला मोनोमर उडून जातो. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यावर झाकण हवंच. आमच्याकडे काही ठिकाणी अजून स्टीलच्या वाटीत, वर काहीही न झाकता कालवतात आणि मग रंग कमी-जास्त आला म्हणून कंपनीला फोन करतात.

लॅबला सांगायचं ते एवढंच, पण ठामपणे सांगा. लिक्विड आणि रिकामं भांडं आधी गार करून घ्या. लिक्विडची बाटली घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवता येते, मात्र त्या फ्रीजमध्ये खाण्यापिण्याचं काही नको. या द्रवाचा भडका उडण्याचं किमान तापमान सुमारे १० अंश आहे, म्हणजे आपल्याकडे तो बारा महिने पेट घेण्याच्या स्थितीत असतो. पेटलेल्या बर्नरशेजारी बाटली उघडू देऊ नका. फ्रीजमधून काढलेलं भांडं लगेच वापरलं तर पावसाळ्यात त्यावर दव धरतं आणि ओलावा मिश्रणात जातो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी, पण भांडं पुसून घेण्याची सवय लावलेली बरी. गार मिश्रणाला डो स्टेज यायला वेळ लागतो, हाताळायलाही पुरेसा अवधी मिळतो आणि जास्तीचं लिक्विड ओतायची गरजच उरत नाही.

मग क्युअरिंग, म्हणजे तापवून घट्ट करणं. दोन पद्धती खात्रीच्या. ७४ अंशांवर आठ-नऊ तास ठेवायचं, रात्रभर, आणि शेवटी तासभर उकळायचं. किंवा ७४ अंशांवर दोन तास आणि मग १०० अंशांवर एक तास. पहिल्या टप्प्यात बहुतेक मोनोमर हळूहळू जुळतो आणि बुडबुडे टळतात. शेवटच्या उकळीत उरलासुरला मोनोमर जुळतो आणि आग टळते. पहिला टप्पा गाळला तर पोकळ्या, शेवटचा गाळला तर चुरचुर. नऊ तास ठेवलं म्हणून शेवटची उकळी सोडणारे टेक्निशियन मी पुष्कळ पाहिलेत. रात्रभर पाण्यात होतं की, असं त्यांचं म्हणणं. पण ७४ अंशांवर साखळ्या घट्ट होत गेल्या की शेवटचे मोनोमर रेणू हलूच शकत नाहीत. त्यांना पुन्हा हालचाल द्यायची तर तापमान पीएमएमए मऊ पडण्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे १०५ अंशांच्या आसपास न्यावं लागतं. म्हणून उकळी.

आणि भारनियमन. पाण्याच्या टबात फ्लास्क असताना मध्येच वीज गेली तर काय, असं विचारणारे टेक्निशियन शहाणे. पाणी साठ अंशांखाली उतरलं की पेरॉक्साइड फारसं फुटत नाही, प्रक्रिया तिथेच रेंगाळते. वीज आल्यावर पुन्हा ७४ अंशांवर पूर्ण दोन तास धरा आणि मग उकळी द्या, आधीचा वेळ हिशोबात धरू नका. जिथे वीज रोज जाते तिथे गॅसवरचं पातेलं आणि एक चांगला तापमापक हे महागड्या टबापेक्षा भरवशाचं. बाहेर काढल्यावर फ्लास्क थंड नळाखाली धरायचा नाही. टेबलावर अर्धा तास, मग साध्या पाण्यात. प्लास्टर आणि ॲक्रिलिक यांचं आक्रसणं वेगवेगळं असतं, घाईने गार केलं की कवळीत ताण अडकतो आणि पुढे ती वाकते किंवा तिला बारीक चिरा जातात. सकाळच्या एसटीने पार्सल पाठवायचं आहे, हे कारण फ्लास्कला कळत नाही.

आता बसण्याबद्दल, कारण नव्या डॉक्टरांना तेही सतावतं. सात टक्के आकारमान घटतं तर कवळी बसते तरी कशी? घट्टपणा येईपर्यंत झालेलं बरंचसं आक्रसणं मऊ गोळ्यावरचा दाब सामावून घेतो. आपल्याला भोवतं ते नंतरचं, गार होतानाचं. ॲक्रिलिकचा प्रसरणांक सुमारे ८१ दशलक्षांश प्रति अंश. ७५ वरून २५ अंशांवर येताना रेषेत ०.४ टक्का घट. एका दाढेपासून दुसऱ्या दाढेपर्यंत ५० मिलिमीटर धरले तर ०.२ मिलिमीटर. वरच्या कवळीत ही फट टाळूच्या मागच्या कडेला दिसते, म्हणून तिथलं पोस्ट डॅम, म्हणजे मागची कड टाळूला घट्ट बसावी म्हणून साच्यात घेतलेली खाच, व्यवस्थित कोरावं लागतं. नंतर कवळी तोंडात पाणी शोषते. एक टक्का पाणी शोषलं की रेषेत सुमारे ०.२३ टक्का फुगते आणि पूर्ण भिजायला दोन-अडीच आठवडे लागतात. म्हणून कवळी देण्याआधी ती एक-दोन दिवस पाण्यात ठेवा. फुगणं थोडं आधी होतं आणि सुटा मोनोमर बराचसा पाण्यात निघून जातो. उन्हाळ्यात रुग्ण रात्री कवळी काढून खिडकीत कोरडी ठेवतात, ती सकाळी थोडी आकसून बसत नाही. माठातल्या पाण्यात बुडवून ठेवा, असं सांगितलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ते लगेच पटतं. उकळत्या पाण्यात टाकू नका, हे मात्र दोनदा सांगा. एखादी सून चांगल्या हेतूने, जंतू मरावेत म्हणून, सासूची कवळी उकळते आणि मग ती कुणाच्याच तोंडात बसत नाही.

तुमच्या दोन रुग्णांकडे वळतो. 'तोंडमा भलती आग पडस' ही तक्रार मोनोमरची असेलच असं नाही, आणि आधी मोनोमरकडे बोट दाखवणं ही पळवाट ठरते. पहिली गोष्ट, आग कुठे होते ते बोटाने दाखवायला सांगा. कवळीखालच्या हिरडीवरच आणि कवळीच्या आकाराची लाली असेल, तर कवळी रात्रंदिवस घातलेली आहे का आणि तिला पांढरा थर आहे का, हे बघा. बुरशीमुळे होणारी लाली ॲलर्जीपेक्षा कितीतरी जास्त सापडते. जिभेची आग असेल तर साखर तपासा, रक्त तपासा, तोंड कोरडं पडतं का विचारा. गालाला पांढरे पट्टे, तोंड कमी उघडणं आणि ठेचा-भाकरी खाताना आग, हे सुपारी-गुटख्याच्या सबम्यूकस फायब्रोसिसचं (तोंडाचं आतलं अस्तर कडक होण्याच्या आजाराचं) लक्षण आहे. कवळी तिथे निमित्तमात्र. मशेरी लावणाऱ्या बायका स्वतःहून सांगत नाहीत, वेगळं बसवून विचारावं लागतं.

हे सगळं बाजूला पडलं आणि आग नवी कवळी घातल्यापासून तासाभरात सुरू होऊन काढल्यावर कमी होत असेल, तर मोनोमरचा संशय धरा. उरलेला मोनोमर चांगल्या हीट क्युअरमध्ये (तापवून घट्ट केलेल्या ॲक्रिलिकमध्ये) अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, कोल्ड क्युअरमध्ये तीन ते पाच टक्के. आंतरराष्ट्रीय मानक अनुक्रमे २.२ आणि ४.५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. घाईत केलेली कवळी या पहिल्या आकड्याच्याही वर जाऊ शकते. कवळी काढून घ्या आणि सुमारे ५० अंशांच्या पाण्यात तासभर, मग साध्या पाण्यात दिवसभर ठेवा. दरम्यान तोंडाला आराम द्या. आग मोनोमरच्या चुरचुरीने होत असेल तर ती अशाने ओसरते. टिकली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टसाठी, म्हणजे कातडीला लावून ॲलर्जी तपासायला, पाठवा. एमएमए २ टक्के पेट्रोलॅटममध्ये (व्हॅसलिनसारख्या मलमात) लावतात. खरी ॲलर्जी निघालीच तर धातूच्या बेसची किंवा नायलॉनची कवळी हा मार्ग आहे, पण धातूवरच्या ॲक्रिलिकचं काय, हेही आधी ठरवा.

कोल्ड क्युअरमध्ये हेच रसायन अमाइन या चालना देणाऱ्या घटकाच्या जोरावर खोलीच्या तापमानाला चालतं. तापमान दहा अंशांनी चढलं की रासायनिक वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पंचविशीसाठी लिहिलेला पत्रकावरचा वेळ चाळिशीत निम्म्याहूनही कमी उरतो. म्हणून तुमचं हातात घट्ट होतं. एसी लावा, नाहीतर लिक्विड आणि डापन डिश (कालवायची छोटी वाटी) गार करा. तुटलेली कवळी जोडताना कडा तिरक्या घासा, जोडायच्या पृष्ठभागावर तीन मिनिटं मोनोमर लावून तो फुगू द्या. जोड त्याने पुष्कळ पक्का बसतो. मग प्रेशर पॉटमध्ये (दाबाच्या भांड्यात) कोमट पाणी. तोंडात थेट कोल्ड क्युअर लावून रिलाइन करणं, म्हणजे कवळीला आतून नवा थर देणं, मी टाळतो. तिथे उष्णता, वास आणि तीन-पाच टक्के मोनोमर हे सगळं थेट हिरडीवर येतं.

तात्पुरत्या क्राउनसाठीही (दातावरच्या टोपीसाठीही) तेच. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर दाखवलं, की दाताच्या आतल्या जिवंत लगद्याचं तापमान साडेपाच अंशांनी वाढलं तर सुमारे पंधरा टक्के दातांचा लगदा सावरत नाही. घासलेल्या जिवंत दातावर एमएमएचा जाड गोळा पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवू नका. रबरी अवस्थेत काढा, पाण्याचा फवारा मारा. पॉलिएथिल मेथाक्रिलेटचं किंवा बिस-ॲक्रिल मटेरियल कमी तापतं.

इथे घराण्याचा प्रश्न येतो. मेथाक्रिलेट म्हणजे ॲक्रिलेटच्या दुहेरी बंधाशेजारी एक मिथाइल गट. त्या एका गटाने साखळी जखडते. पॉलिमिथाइल ॲक्रिलेट साधारण १० अंशांना मऊ पडतं, पीएमएमए १०५ ला. एस्टरची शेपटी लांब करत गेलं की ते तापमान पुन्हा उतरतं. इथाइलला ६५ च्या आसपास, ब्युटाइलला २० च्या. टिश्यू कंडिशनर, म्हणजे दुखऱ्या हिरडीसाठी कवळीत घालायचा मऊ थर, याच युक्तीवर चालतं. त्यात पॉलिएथिल मेथाक्रिलेटची पावडर असते आणि द्रवात मोनोमर नसतोच, प्लास्टिसायझर (मऊपणा देणारं द्रव्य) आणि अल्कोहोल असतं. ते जुळत नाही, फक्त फुगून जेल बनतं, आणि काही दिवसांत अल्कोहोल-प्लास्टिसायझर निघून गेल्यावर कडक होतं. तुमच्या आग होणाऱ्या रुग्णाला हिरडी बरी होईपर्यंत कवळीत हे घालता येईल, पण आठवड्याभरात बदला.

बिस-जीएमए हा दात भरायच्या कॉम्पोझिटमधला, दोन टोकांना मेथाक्रिलेट असलेला मोठा रेणू, बोवेन यांनी त्याचं पेटंट १९६२ मध्ये घेतलं. एमएमएचं वजन १००, याचं ५१२. प्रत्येक ग्रॅममागे दुहेरी बंध कमी, म्हणून आक्रसणं कमी, फिलर (काचेसारखी बारीक पूड) भरल्यावर दोन ते साडेतीन टक्के. उडून जात नाही, वास नाही. अडचण एकच, तो थंडीतल्या काकवीसारखा घट्ट असतो. त्याला पातळ करायला टीईजीडीएमए हा पातळ मोनोमर मिसळावा लागतो आणि जितका जास्त मिसळला तितकं आक्रसणं आणि पाणी शोषणं परत वाढतं. कॉम्पोझिटमध्ये सगळे दुहेरी बंध कधीच जुळत नाहीत, ५५ ते ७५ टक्के जुळले तरी चांगलं म्हणायचं. वरच्या थरावर हवेतला ऑक्सिजन साखळी तोडतो, म्हणून शेवटच्या थरावर ग्लिसरीन जेल लावून एकदा लाइट द्या. मे महिन्यात सिरिंज टेबलावर ठेवली तर माल पातळ होऊन इन्स्ट्रुमेंटला चिकटतो, आणि डेंटल चेअरच्या दिव्याखाली उघडा ठेवला तर आपोआप घट्ट व्हायला लागतो. त्यातला कॅम्फरक्विनोन हा प्रकाशाने प्रक्रिया सुरू करणारा घटक ४६८ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो आणि दिव्याच्या पांढऱ्या प्रकाशात तो निळा भाग असतोच.

हेमा छोटा आणि पाण्याशी मैत्री करणारा, म्हणून बाँडिंग एजंटला (कॉम्पोझिट दाताला चिकटवणाऱ्या द्रवाला) तो डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या थरात, घेऊन जातो. पण त्याच गुणाने तो कातडीतूनही जातो आणि लेटेक्सच्या हातमोज्यातून काही मिनिटांत पार होतो. एमएमएही तसाच. हेमाची ॲलर्जी असलेल्या माणसाला इतर मेथाक्रिलेटही अनेकदा चालत नाहीत, पण नेहमीच नाही. रेणूनुसार तपासावं लागतं, घराण्याच्या नावावरून ठरवता येत नाही. आणि ही ॲलर्जी रुग्णांपेक्षा आपल्या लोकांत जास्त सापडते. बोटांच्या टोकांना भेगा, कोरडेपणा, मुंग्या असं असिस्टंट सांगत असेल तर साबण बदलायला सांगू नका. बाँडचा थेंब मोज्यावर पडला की मोजा लगेच काढायचा, हात धुवायचा, नवा घालायचा. टेक्निशियनला डो उघड्या हाताने मळू देऊ नका, मध्ये पॉलिथिनची शीट धरा.

आता कंपनीचं. डबा बदलायचाच असेल तर एकच कारण मी मान्य करीन. वरची कवळी मधोमध पुन्हा पुन्हा तुटणारा रुग्ण असेल, समोर खालचे स्वतःचे दात असतील आणि चावा बरोबर असूनही तुटत असेल, तर रबर मिसळलेलं हाय-इम्पॅक्ट ॲक्रिलिक मागवा. बाकी रुग्णांसाठी मानकाला उतरलेलं कुठलंही हीट क्युअर, वाकवण्याच्या परीक्षेत ६५ मेगापास्कल पार करणारं, पुरेसं आहे. लिक्विडच्या बाटलीवरची तारीख बघा आणि ती बाटली कुठे ठेवतात तेही बघा. पत्र्याच्या छताखाली चाळीस अंशांत ठेवलेल्या बाटलीतलं हायड्रोक्विनोन तारखेच्या खूप आधी संपतं. लिक्विड किंचित दाटसर वाटलं, चमच्यातून तार सुटली, तर फेकून द्या. त्या लॅबला एकदा दुपारी अडीच वाजता, न सांगता, जाऊन या. झाकण, तापमापक आणि लिक्विड मोजायचं माप तिथे आहे की नाही, ते बघितल्यावर लॉटबद्दल बोलता येईल.